रॉडचा प्लग जळला पण एमसीबी पडला नाही, असं का?

मागच्या महिन्यात आईकडे पाणी तापवायच्या रॉडचा प्लग जळला. जळला म्हणजे आग वगैरे काही नाही, पण बोर्डवरचं पांढरं प्लॅस्टिक एका बाजूने तपकिरी होऊन फुगलेलं, उजव्या भोकाभोवती काळं वर्तुळ, आणि स्वयंपाकघरात तो थोडा मासळीसारखा जळका वास, जो एकदा घेतला की माणूस विसरत नाही. गिझर बिघडला होता म्हणून आईने माळ्यावरचा जुना रॉड काढला, त्याचा टॉप, म्हणजे प्लग, जाड पिनांचा, स्वयंपाकघरातला बोर्ड ६ अँपिअरचा बारीक भोकांचा, मग मध्ये एक कन्व्हर्टर घातला की झालं. आठ-दहा दिवस सगळं सुरळीत चाललं आणि मग हे.

आईचा प्रश्न होता, "अरे रोज तर लावते, आजच काय झालं त्याला?" शेजारचे काका म्हणाले लोड जास्त झाला असणार. मला मात्र वेगळंच छळत होतं. लोड जास्त झाला तर एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पडायला हवा होता, तो तर शांतपणे चालू स्थितीत बसलेला. मी फार वर्षांपूर्वी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय, पोट दुसऱ्याच धंद्यावर भरतो, पण ह्या प्लगचा हिशोब मांडायला दहावीचं सायन्स पुरतं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू, कारण थंडी आली की रॉडच्या बातम्या दरवर्षी येतात आणि खाली कमेंटमध्ये "लोड" ह्या एका शब्दावर सगळं संपतं.

आधी तीन शब्द, गच्चीवरच्या टाकीवरून

बिल्डिंगच्या गच्चीवर टाकी असते. तळमजल्याच्या नळाला पाणी जोरात येतं आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर शॉवर रडत पडतो, कारण टाकी त्यांच्या डोक्यावर जेमतेम आठ-दहा फूट. हा जो जोर आहे, तो म्हणजे व्होल्टेज, मोजायचा व्होल्टमध्ये. नळातून मिनिटाला किती लिटर पडतं तो झाला करंट, मोजायचा अँपिअरमध्ये. आणि पाइप किती बारीक आहे, नळ किती आवळलाय, म्हणजे वाटेत अडवणूक किती, तो रेझिस्टन्स, शाळेच्या पुस्तकातला रोध, मोजायचा ओहममध्ये.

ही तुलना एका जागी फसते ते आधीच सांगतो. पाइप कापला तर पाणी धो धो वाहतं, वायर कापली तर करंट थांबतो, कारण विजेला जायला आणि परत यायला पूर्ण वाट लागते. प्लगला दोन पिना त्यासाठीच, एक फेज (जायची वाट) एक न्यूट्रल (परत यायची), तिसरी जाड पिन अर्थिंगची, तिच्याकडे नंतर येतो.

नियम एवढाच:

अँपिअर = व्होल्ट ÷ ओहम

जोर वाढला की करंट वाढणार, अडवणूक वाढली की करंट घटणार. आज हे इतकं उघड वाटतं की ह्याला कुणाचं नाव कशाला द्यावं असं होतं, पण गेऑर्ग ओहम हा जर्मनीत कोलोनला शाळेत शिकवणारा माणूस, त्याने हे मोजायला घेतलं तेव्हा तेव्हाच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज मोजता मोजताच ढासळायचं. मग त्याने बॅटरी सोडून दोन वेगळ्या धातूंचे सांधे, एक गरम एक गार ठेवून, त्यातून स्थिर व्होल्टेज मिळवलं. १८२७ साली पुस्तक काढलं, जर्मनीतल्या लोकांनी फारशी किंमत दिली नाही, १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने पदक दिलं. असो.

वॅट कुठून येतात

आता दुसरा हिशोब, आणि ह्यानंतर नवीन काही नाही.

वॅट = व्होल्ट × अँपिअर

वॅट म्हणजे दर सेकंदाला किती काम किंवा किती उष्णता. धरणाच्या पाण्यासारखं, जोर पण हवा आणि पाणी पण हवं, दोन्हींचा गुणाकार. वस्तूवर कंपनीने एक बारीक पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर वॅट आणि व्होल्ट लिहिलेले असतातच, आपण ती कधी वाचत नाही. आईच्या रॉडवर लिहिलं होतं १५०० वॅट, २३० व्होल्ट. आपल्याकडे घरातला पुरवठा कागदावर २३० व्होल्टच.

मग १५०० भागिले २३०, म्हणजे सुमारे ६.५ अँपिअर करंट. आणि २३० भागिले ६.५, म्हणजे साधारण ३५ ओहम हा त्या रॉडचा रेझिस्टन्स. संपलं, दोन भागाकार. असंच २००० वॅटचा गिझर ८.७ अँपिअर आणि २६ ओहम, १००० वॅटची इस्त्री ४.३ अँपिअर आणि ५३ ओहम. म्हणजे जास्त वॅटची वस्तू कमी ओहमची असते, हे डोक्यात ठेवा, पुढे ह्याच्यावरच भांडण होणार आहे.

वॅट आणि युनिटमध्ये घोळ होतो म्हणून जाता जाता, १००० वॅट एक तास चालले की १ युनिट. रॉड तासभर ठेवला की दीड युनिट.

अर्ध्या अँपिअरने प्लग जळतो का?

बोर्ड ६ अँपिअरचा, रॉड घेतो साडेसहा. काकांचं "लोड" ते हेच. नियमाने चूकच आहे, ६ च्या भोकात ६ च्या वरचं काही लावू नये, पण खरं सांगू का, चांगल्या नव्या सॉकेटमध्ये एवढ्या फरकाने प्लॅस्टिक वितळत नाही. गुन्हेगार वेगळा आहे.

करंट कुठल्याही रेझिस्टन्समधून गेला की तिथे उष्णता होते. किती, तर

वॅट = अँपिअर × अँपिअर × ओहम

हे वरच्याच दोन ओळी एकमेकींत घालून येतं, करून बघा. अँपिअर दोनदा आहे ह्याकडे लक्ष द्या. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट.

आता स्वयंपाकघरातला तो बोर्ड पंधरा वर्षं जुना. आतली पितळेची पाती, जी पिनेला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरते, ती सैल झालेली. त्यात कन्व्हर्टर, म्हणजे आणखी एक सैल जोड. वरून पिन घट्ट बसल्यासारखी दिसते पण आत दोन-तीन ठिपक्यांवरच टेकलेली असते. समजा ह्या सगळ्यामुळे त्या जागी फक्त १ ओहम रेझिस्टन्स तयार झाला. रॉडच्या ३५ पुढे हा १ म्हणजे काहीच नाही. पण करंट तर सगळा ह्याच वाटेने जाणार, दुसरी वाटच नाही. ह्या १ ओहममुळे करंट ६.५ चा ६.३ होतो, मग ६.३ गुणिले ६.३ गुणिले १, म्हणजे ४० वॅट.

४० वॅट म्हणजे किती ते सांगतो. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडचं सोल्डरिंग आयर्न बहुतेक वेळा २५ वॅटचं असतं, त्याचं टोक लागलं की कथिल पाण्यासारखं वितळतं. त्याच्या दीडपट उष्णता, हरभऱ्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या डबीत कोंडून, रोज अर्धा तास.

ह्याच्याशी तुलना करायला वायर घ्या. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण १२ ओहम. मेन बोर्डापासून स्वयंपाकघर २० मीटर, जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा ओहम. म्हणजे भिंतीत लपलेल्या वायरमध्ये पण २० वॅट उष्णता होतच असते! पण ती ४० मीटरवर पसरलेली, मीटरला अर्धा वॅट, वायर जेमतेम कोमट. तेवढाच अर्धा ओहम एका पिनेच्या टोकाला आला असता तर डाग पडायला सुरुवात झाली असती. रेल्वेच्या पुलावर गर्दी तीच असते पण चेंगराचेंगरी जिन्याच्या तोंडाशी होते, तसं.

आणि आईच्या "आजच काय झालं" चं उत्तर इथेच आहे. पहिल्या दिवशी तो रेझिस्टन्स १ ओहम नव्हताच, थोडासा होता. पिन तापली, तापल्यावर पितळेच्या पातीची पकड ढिली झाली, पृष्ठभागावर काळा थर धरला, तो थर वीज नीट जाऊ देत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी रेझिस्टन्स आणखी जास्त, म्हणून आणखी तापली. व्याजावर व्याज चढावं तसं. आठ दिवस कुणाला दिसलं नाही कारण सगळं आत चाललं होतं.

मग एमसीबी काय झोपला होता?

नाही हो, त्याच्या परीने तो बरोबर होता. एमसीबी फक्त करंट बघतो. त्या लाइनवर १६ अँपिअरचा होता, रॉड ६.५ घेत होता, मग तो का पडेल? उलट गंमत बघा, सैल जोडामुळे एकूण रेझिस्टन्स ३५ वरून ३६ झाला, म्हणजे करंट ६.५ वरून ६.३ वर आला. प्लग वितळत असताना एमसीबीला लोड कमी झालेला दिसत होता.

म्हणून "एमसीबी आहे, काळजी नाही" हे वाक्य मला आवडत नाही. एमसीबी शॉर्ट सर्किट आणि ओव्हरलोड ह्यासाठी, म्हणजे भिंतीतली वायर वाचवायला. सैल पिन त्याला कळत नाही. आणि "सारखा पडतो म्हणून १६ चा काढून ३२ चा बसवून द्या" असं वायरमनला सांगणारे लोक मी स्वतः बघितलेत, वायर तीच बारीक ठेवून! ते तर ताप दाखवतो म्हणून थर्मामीटर फेकण्यासारखं आहे.

माणसाला शॉक बसतो तो पण एमसीबीला कळत नाही. ओल्या हाताने, ओल्या फरशीवर उभ्या माणसाच्या शरीराचा रेझिस्टन्स ढोबळमानाने १००० ओहम धरला तर २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर. झिरोच्या बल्बपेक्षा जास्त, पण १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने किरकोळ, आणि माणसाचं हृदय बंद पडायला मात्र भरपूर. ह्यासाठी आरसीसीबी लागतो. तो करंट किती आहे हे बघतच नाही, फेजमधून गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का एवढंच बघतो, आणि घरात बसवतात त्याच्यात ०.०३ अँपिअर कमी आला की बंद. कमी आला म्हणजे वाटेत कुठेतरी गळून, कदाचित कुणाच्या तरी अंगातून, जमिनीत गेला. आणि ती तिसरी जाड पिन? वस्तूच्या धातूत करंट उतरला तर तो माणसाऐवजी जमिनीत नेणं हे तिचं काम. आईकडच्या कन्व्हर्टरमध्ये ती नुसती प्लॅस्टिकची होती, दाखवायला. म्हणजे पाण्यात बुडवायच्या वस्तूचं अर्थिंगच तोडलेलं. प्लग जळला हे खरं तर बरंच झालं.

"पण रेझिस्टन्स वाढला की उष्णता कमी व्हायला पाहिजे ना?"

हा प्रश्न हुशार माणसाला पडतोच, मला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत छळलेला. वर म्हटलं की जास्त वॅटचा गिझर कमी ओहमचा. आणि आता म्हणतोय सैल पिनेचे ओहम वाढले म्हणून उष्णता वाढली. दोन्ही कसं?

कारण कोण काय ठरवतंय ते बघावं लागतं. रॉडवर भिंतीतले २३० व्होल्ट जवळजवळ पूर्ण येतात, ते ठरलेले. ठरलेल्या व्होल्टेजवर ओहम कमी केले की करंट वाढतो, वॅट वाढतात. पिनेचं तसं नाही, तिच्यावर २३० व्होल्ट येतच नाहीत, तिच्या वाट्याला ६.३ अँपिअर गुणिले १ ओहम म्हणजे सहा-साडेसहा व्होल्टच येतात. तिच्यातून करंट किती जाणार हे रॉडचे ३५ ओहम ठरवतात, ती बिचारी मधली दलाल. ठरलेल्या करंटवर ओहम वाढले की वॅट वाढतात. घरात मालक कोण आणि मध्ये अडकलेला कोण, एवढा फरक.

हे कुठपर्यंत वाढेल? गणिताने, पिनेचा रेझिस्टन्स रॉडएवढाच म्हणजे ३५ ओहम झाला तेव्हा सगळ्यात जास्त, सुमारे ३७५ वॅट, त्यापुढे परत कमी. पण तिथवर पोचायला प्लॅस्टिक शिल्लक राहायला हवं.

व्होल्टेज कमी आलं तर बिल कमी येतं का?

रॉडपुरतं बघू. २३० च्या जागी २०० व्होल्ट आले तर करंट ५.७ अँपिअर आणि वॅट ११३० च्या आसपास. व्होल्टेज १३ टक्के पडलं आणि वॅट जवळजवळ २५ टक्के, कारण व्होल्टेजबरोबर करंट पण घटतो. पण बादली तापायला लागणारी उष्णता तीच आहे ना. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायला ०.४४ युनिट लागतात, १५०० वॅटवर साडेसतरा मिनिटं, ११३० वर तेवीस. बिल तेच, वर बादलीतून उडून जाणारी उष्णता जास्त.

मोटरचं गणित मात्र उलटं आहे आणि गावाकडे हे सगळ्यांना पैसे मोजून कळलेलं असतं. विहिरीवरच्या पंपाला पाणी तेवढंच ओढायचंय, व्होल्टेज पडलं म्हणून पाणी हलकं होत नाही, मग मोटर कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढते. करंट वाढला की वाइंडिंगमधली, म्हणजे मोटरच्या आतल्या तारेच्या गुंडाळीतली, उष्णता वर्गाने वाढते. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू झाल्या, व्होल्टेज बसलं, आणि रिवाइंडिंगवाल्याकडे रांग लागली, हे दर उन्हाळ्यात होतं. म्हणून ओहमचा साधा नियम मोटरला सरळ लावू नका. थांबलेल्या मोटरचं वाइंडिंग मीटरने मोजलं तर अगदी थोडे ओहम दाखवतं, त्यावरून काढलेला करंट प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त येतो, कारण फिरणारी मोटर उलटा जोर लावत असते. रॉड, इस्त्री, गिझर, टोस्टर, तापवायच्या वस्तूंना नियम चोख लागू.

चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत तोच हिशोब

सैल पिनेची उष्णता कमी करायची तर दोनच उपाय, ओहम कमी करा किंवा अँपिअर कमी करा. घरात पहिला चालतो. वीज लांब न्यायची असेल तर दुसरा. चंद्रपूरच्या बाजूला कोळसा, वीज लागते मुंबईच्या बाजूला, मध्ये अख्खा महाराष्ट्र. १९९९ पासून चंद्रपूर ते भिवंडीजवळचं पडघे अशी ७५२ किलोमीटरची डीसी (बॅटरीसारखी एकाच दिशेने वाहणारी वीज) लाइन आहे, एक बाजू अधिक ५ लाख व्होल्ट, दुसरी उणे ५ लाख, म्हणजे दोन्हींत १० लाखांचा फरक. क्षमता १५०० मेगावॅट. भागाकार करा, १५०० अँपिअर. हीच वीज २३० व्होल्टवर न्यायची म्हटली तर ६५ लाख अँपिअर, त्याला तांब्याची वायर नाही तांब्याचा डोंगर लागला असता. व्होल्टेज दुप्पट केलं की करंट निम्मा आणि वाटेतली गळती पाव, म्हणून ते उंच टॉवर.

मुंबईच्या लोकलचं पण तेच. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि ते मुंबईत नव्वद वर्षं चाललं. आता सगळीकडे २५,००० व्होल्ट. गाडी समजा ३ मेगावॅट घेत असेल तर आधी २००० अँपिअर, आता १२०.

घरी मोजायचं असेल तर

दोन-तीनशे रुपयांच्या मल्टिमीटरवर २०० ओहमची रेंज लावायची, रॉडचा प्लग बोर्डातून काढलेला, आणि अर्थिंगची सोडून टॉपच्या उरलेल्या दोन पिनांना टोकं लावायची. प्लग बोर्डात असताना हे कधीही करू नका, चालू करंटमध्ये ओहम मोजायला गेलात तर मीटर तर जाईलच. आईच्या रॉडने ३५.४ दाखवले, म्हणजे रॉड ठणठणीत. हे जमतं कारण रॉडमधली तार निक्रोमची, ती गार असो वा लाल, ओहम फारसे बदलत नाहीत. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब असा मोजलात तर गणिताने ८८० यायला हवेत आणि मीटर साठ-सत्तरच दाखवेल, मीटर खराब नाही, टंगस्टनची तार पेटल्यावर तिचे ओहम दहा-पंधरा पटीने वाढतात. म्हणूनच असे बल्ब बहुतेक वेळा बटण दाबल्या क्षणीच उडायचे.

सैल जोडाचा एखादा ओहम मात्र ह्या मीटरने पकडायला जाऊ नका. स्वस्त मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अर्धा ओहम असतो, आणि पिन हलवली की आकडा हलतो. त्यापेक्षा वायरमन लोक करतात ते करा. वस्तू दहा मिनिटं चालवायची, बटण बंद करायचं, प्लग बाहेर ओढायचा आणि पिनांना बोट लावायचं. कोमट असेल तर चालेल, चटका बसला तर सॉकेट बदलायचं, त्यात चर्चा नाही.

आईकडे आता स्वयंपाकघरात १६ अँपिअरचं नवं सॉकेट आहे, चार स्क्वेअर एमएमच्या वेगळ्या वायरवर, अर्थिंगसकट, आणि मेन बोर्डात आरसीसीबी. कन्व्हर्टर मी कचऱ्यात टाकला, तो तिने एकदा बाहेर काढला, मी परत टाकला. गिझर दुरुस्त होऊन आलाय तरी रॉड काही माळ्यावर गेला नाही, आणि रोज सकाळी बटण बंद करून प्लग ओढला की आई पिनेला बोट लावून आतूनच ओरडते, "गार आहे रे!"